फक्कीचं घर

दस्तगीरभाई गवंड्यांच्या घरात मी पहिल्यांदा गेलो तो भिंतीतून, आणि त्याबद्दल त्यांनी मला पंधरा दिवस माफ केलं नाही.

माणूस भिंतीतून कसा जाईल, असं तुम्ही विचाराल. सांगतो. मी ईट गावी मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. निजामाचं राज्य होतं, शाळेला मदरसा म्हणायचे. मदरशातून घरी जाताना वाटेत एक मोकळी जागा लागायची आणि तिच्यावर चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या. मला वाटलं, पोरांनी आट्यापाट्यांचा डाव मांडला असेल. मी आपला सरळ त्यावरून निघालो.

"ओ मास्तर. भिंतीतून कुटं चाललाव?"

रेघांच्या मधोमध पन्नाशीचा एक माणूस पाटावर बसून सुपारी कातरत होता. मी खाली पाहिलं. माझा एक पाय रेघेच्या अलीकडं होता, एक पलीकडं.

"दार तिकडं हाय," त्यांनी अडकित्त्यानं दाखवलं.

मी मुकाट्यानं मागं फिरलो, वळसा घातला. एका ठिकाणी रेघेत दोन-अडीच हात जागा सुटली होती, तिथून आत शिरायला लागलो. "वहाणा," ते म्हणाले. मी वहाणा काढल्या. "डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी हाय." आणि खरं सांगतो, मी वाकलो. सरकारी नोकरीतला, चार बुकं शिकलेला माणूस भर दुपारी मोकळ्या आभाळाखाली वाकून आत गेला. समोरच्या पारावर बसलेल्या लोकांनी हे पाहिलं आणि पुढं वर्षभर मला ऐकवलं.

दस्तगीरभाई जातिवंत गवंडी. आसपासच्या पाच-पंचवीस गावांत त्यांच्या हातची घरं होती. ओळंबा लावून भिंत बघायची त्यांना गरजच नव्हती. एक डोळा मिटायचे आणि "सुताभर वाकडी हाय" म्हणायचे. ती तेवढीच वाकडी निघायची. लोकांच्या घरांवर मातीची माळवदं घालून घालून त्यांची पाठ वाकली होती आणि स्वतः मात्र राहायचे तेल्याच्या गोठ्यात. निम्म्या गोठ्यात तेल्याची म्हैस, निम्म्यात हे, मधे तुराट्यांचा कूड. बायको कधीच वारली होती. एकच मुलगी, जैतून. तिला तिकडं लांब लोहाऱ्याच्या बाजूला माकणीला दिली होती. गोठा फक्त झोपण्यापुरता. बाकी रिकामा वेळ असला की हे आपल्या घरात, म्हणजे फक्कीच्या रेघांत.

घर मोठं होतं, यात शंका नाही. पुढं बैठक, तिच्यामागं माजघर, त्यामागं पडवी, पडवीच्या कोपऱ्यात एक खोली. दरवर्षी पावसाळ्यात घर वाहून जायचं आणि दसरा झाला की फक्कीची पाटी घेऊन दस्तगीरभाई ते पुन्हा उभं करायचे. दरवर्षी काहीतरी वाढायचं. भूमला कुणाकडं त्यांनी कोनाडे बघितले, त्या साली बैठकीत चार कोनाडे आले. एका साली जिना आला. अकरा पायऱ्या होत्या, मी मोजल्या.

"जिन्यानं वर कुठं जायचं?" मी विचारलं.

"माडीवर."

"माडी कुठाय?"

"मास्तर, आदी जिना तर चढा. मंग इचारा."

हा त्यांचा नेहमीचा ठेका. बायको वारल्यावर दुसरं लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तरी "आदी जिना तर चढा" म्हणायचे. त्याचा अर्थ कुणाला लागायचा नाही आणि विचारणारा गप्प बसायचा. मला वाटतं, उपयोग तेवढाच होता.

दगडांचा त्यांचा एक वेगळाच छंद होता. कुणाचंही काम असो, मजुरी घ्यायचे आणि संध्याकाळी जाताना एक दगड खांद्यावर टाकायचे. चोरून नव्हे, पहिल्या दिवशीच मालकाला सांगून. तेही चांगला घडीव दगड नव्हे. "जो दगड तुमच्या भिंतीत बसंना, त्यो माजा," असा करार. वीस-पंचवीस वर्षांत जागेच्या कडेला ही मोठी रास झाली होती. त्यातला प्रत्येक दगड कुणाच्या घरचा हे त्यांना तोंडपाठ होतं.

"अहो, या दगडांत एखादी खोली सहज होईल," मी एकदा म्हणालो. "बांधून का टाकत नाही? म्हशीशेजारी कशाला निजता?"

"एक खोली बांधली की मानूस तिथंच बूड टेकतो," ते म्हणाले. "घर बांधायचं तर पुरं. तवर म्हैस बरी. ती भाडं मागत न्हाय."

एकदा तालुक्याहून गिरदावरसाहेब, म्हणजे पटवाऱ्यांवरचे अंमलदार, जागांची पाहणी करायला आले. शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी, तोंडात पान, मागं पटवारी दप्तर घेऊन. साहेब थेट रेघांवरून चालत आले. सगळा पार श्वास रोखून बघत होता. दस्तगीरभाई उठले, झुकून सलाम केला आणि म्हणाले, "हुजूर, दीवार है."

साहेबांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, पटवाऱ्याकडं पाहिलं. पटवारी आभाळाकडं बघत होता. साहेब मनाचे दिलदार असावेत, नाहीतर उन्हानं त्यांचं डोकं फिरलं असावं. ते मागं फिरले आणि दारातून आले. बैठकीत बसले, पाणी प्याले. मग पानाची पिंक टाकायला त्यांनी मान वळवली तर दस्तगीरभाई अदबीनं म्हणाले, "खिडकी उदर है, हुजूर." साहेब उठून खिडकीपाशी गेले. जाताना त्यांनी पटवाऱ्याला लिहून घ्यायला सांगितलं, "मकान मौजूद." तेव्हापासून सरकारच्या दप्तरात ते घर होतं. गावातल्या कितीतरी खऱ्या घरांची तिथं नोंद नव्हती, आणि दस्तगीरभाई हे प्रत्येकाला सांगायचे.

पण हा माणूस नुसता वेडपट होता असं समजू नका. कामात त्यांचे नियम कडक होते, आणि सगळ्यात कडक नियम दारांचा. तीन दारं एका रांगेत काढायची नाहीत. घरातली बरकत पुढच्या दारानं येते आणि दारं सरळ रांगेत असली तर थांबतच नाही, मागच्या दारानं निघून जाते, असं त्यांच्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या उस्तादानं त्यांना शिकवलं होतं. गावच्या आबा पाटलांना नव्या घरात ओट्यावर बसल्या बसल्या मागचे बैल दिसायला हवे होते. म्हणाले, तीन दारं सरळ काढा. दस्तगीरभाईंनी थापी खाली ठेवली.

"आबा, म्या न्हाय काढायचा."

"घर माझं हाय का तुझं?"

"घर तुमचं. हात माजा."

अर्धी उभी भिंत सोडून हे घरी आले. पाटलांनी बार्शीहून दुसरा गवंडी आणला, तीन दारं सरळ काढून घेतली आणि दस्तगीरभाईंशी बोलणं टाकलं. त्या घराचा एकही दगड राशीत आला नाही. याचं दस्तगीरभाईंना फार लागलं होतं. "आबाचा एक पायजे होता," असं ते मधूनच म्हणायचे.

आता त्या कोपऱ्यातल्या खोलीचं सांगतो. बाकी घर दरवर्षी बदलायचं, माजघर डावीकडून उजवीकडं जायचं, कोनाडे वाढायचे. ही खोली मात्र एक बोटभरही हलायची नाही. पहिली फक्की तिलाच पडायची. आणि त्या खोलीत कुणाला जाऊ द्यायचे नाहीत, दारातूनसुद्धा नाही. पारावर तिच्याबद्दल दोन मतं होती. एक, खाली धन पुरलंय. दोन, म्हातारा दुसरी बायको आणणार. मी दुसऱ्या पक्षात होतो आणि त्यांना चिडवायची एकही संधी सोडत नव्हतो. "काय दस्तगीरभाई, खोली केव्हा भरायची?" म्हणायचो. ते सुपारीचं खांड तोंडात टाकायचे आणि "आदी जिना चढा," म्हणायचे.

एके दिवशी मी हा विनोद मोठ्या हौसेनं घरी सांगितला. माझी बायको रोज पाण्याला जाताना त्या जागेवरून जायची. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तुम्हा पुरुषांना डोळे दिलेत कशाला कोण जाणे. त्या खोलीला खिडकी एकच, तीही वाऱ्याकडं पाठ करून. कोपऱ्यात न्हाणी आखलीय. तिचं पाणी बाहेर जायला मोरी. बाजेची जागा, बाजेखाली शेगडीची जागा. अहो, बाळंतिणीची खोली आहे ती. दुसऱ्या बायकोला बाजेखाली शेगडी लागते का?"

माझा घास हातातच राहिला. चार वर्षं मी त्या माणसाला पारावर सगळ्यांसमोर चिडवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माकणीहून पत्र आलं. पत्रं ते माझ्याकडूनच वाचून घ्यायचे. जैतूनच्या सासऱ्यानं उर्दूत लिहिलं होतं. सूनबाईला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, आम्हाला मान्य आहे. पण तुमच्याकडं ना बाईमाणूस, ना घर. पोरीला काय म्हशीशेजारी निजवायचं? तेव्हा इथंच उरकतो, राग मानू नये.

पत्र ऐकून दस्तगीरभाईंनी अडकित्ता मिटून खाली ठेवला. मग म्हणाले, "लिवा मास्तर. घर तयार हाय."

"दस्तगीरभाई."

"लिवा. बैठक हाय, माजघर हाय, पडवी हाय. बाळंतिणीची खोली येगळी हाय. जिना हाय. सरकारी दप्तरात नोंद हाय."

"आणि भिंती?"

"भिंतीचं त्यानं कुटं इचारलंय?"

मी लिहिलं. मास्तर असून खोटं लिहिलं म्हणावं, तर एक अक्षर खोटं नव्हतं. सरकारी नोंदीचा तर मी खाली रेघ मारून उल्लेख केला. आठवड्याभरात जैतूनच्या सासऱ्याचं उलट टपाली उत्तर आलं: वाचून आनंद झाला. घर बघायला मी जातीनं येतोय.

मी घाबरलो. दस्तगीरभाई मात्र उठले, धोतर खोचलं आणि राशीतला पहिला दगड उचलला.

पुढचे अठरा दिवस त्या माणसानं जे काम केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. "घर बांधायचं तर पुरं" हा हेका त्यांनी एका शब्दानंही पुन्हा काढला नाही. ती कोपऱ्यातली खोली जमिनीतून वर यायला लागली. कुणाच्याच भिंतीत न बसलेले दगड ते हातात घेऊन फिरवायचे, घासायचे, एक टवका काढायचे आणि बसवायचे. आधी पार नुसताच बघत होता. मग एक जण माती कालवायला उतरला, दुसऱ्यानं बाभळीच्या तुळया आणून टाकल्या, तेल्यानं म्हशीच्या पाठीवरून पांढरी माती आणली. प्रत्येक जण दारातून यायचा. माती वाहणारेही वळसा घालून, वहाणा काढून. घाई होती म्हणून भिंतीतून जायची सवलत नव्हती.

दाराच्या वरच्या तोडीला, म्हणजे चौकटीवर आडवा टाकायला, मात्र लांब दगड मिळेना. सोळाव्या दिवशी आबा पाटलांची गाडी आली. गाडीत साडेतीन हातांचा घडीव दगड. गड्यानं निरोप सांगितला, "आबा म्हनले, राग दाराचा हाय, पोरीचा न्हाय." दस्तगीरभाईंनी दगडावरून हात फिरवला. "आबाचा आला," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. त्यांचे डोळे भरून आले होते, मी बघितलं.

व्याही आले ते दुपारी. उंच, हडकुळे, वकिलासारखे बारीक डोळ्यांचे. मोटारीच्या आणि पुढं बैलगाडीच्या प्रवासानं आंबलेले. फक्कीच्या रेघा ओलांडून ते सरळ खोलीकडं निघाले तेवढ्यात दस्तगीरभाई आडवे आले.

"व्याही, दारातून."

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. ते दारातून आले, बैठकीतून माजघरात, माजघरातून वळसा घेऊन पडवीत, अशी सगळी रीतसर वाट चालले. शेवटी खोलीत गेले. भिंतीवर थाप मारली, माळवदाकडं बघितलं, न्हाणीत वाकून बघितलं. बाहेर आले आणि म्हणाले, "एकच खोली हाय की."

"पोरगी एकच हाय," दस्तगीरभाई म्हणाले.

व्याह्यांनी वळून पुन्हा खोलीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पण बाईमाणूस?"

माझी बायको पडवीच्या रेघेपाशी, म्हणजे भिंतीआड, उभी होती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती म्हणाली, "मी आहे की. आणि गावात सुईण आहे. पोर आमची आहे."

व्याह्यांनी पाणी मागितलं. आमचं काम झालं.

जैतून आली. बापासारखीच बुटकी, तोंडानं फटकळ. आल्या आल्या तिनं दारात वहाणा काढल्या आणि डोकं वाकवून आत आली, तिला कुणी सांगावं लागलं नाही. पुढं महिना-दीड महिना ते फक्कीचं घर खरंच घर झालं. माजघरात माझी बायको आणि ती निवडणं-टिपणं करत बसायच्या, बैठकीत आम्ही दोघं. दस्तगीरभाई आवाज न करता सुपारी कातरायचे, कारण पोर झोपली असेल.

मग एका सकाळी सुईण आत गेली आणि दाराला आतून कडी लागली. मी मदरशाला सुट्टी दिली. पोरांना कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. आम्ही बैठकीत बसलो. दस्तगीरभाईंच्या हातात अडकित्ता होता, सुपारी नव्हती. ते तो नुसताच उघडत मिटत होते.

ऊन डोक्यावर यायला आलं आणि आतून बाळाचा आवाज आला.

दस्तगीरभाई उठले आणि धावले. दाराकडं नाही. बैठकीच्या भिंतीतून सरळ माजघरात, माजघराच्या भिंतीतून सरळ पडवीत, फक्की उडवत, अनवाणी, वाकल्या पाठीनं. ज्यांनी गिरदावराला थांबवलं, व्याह्याला थांबवलं, मला पंधरा दिवस माफ केलं नाही, ते दोन भिंती फोडून गेले. त्यांना अडवलं ते फक्त खऱ्या दारानं. तिथं ते कपाळ टेकून उभे राहिले. आतून सुईण ओरडली, "दम काडा की वो. नातू झालाय, पळून जात न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नातू बघायला गेलो तर दस्तगीरभाई उकिडवे बसून फक्की पुसत होते. आदल्या दिवशी जिथून धावले होते तिथं बैठकीच्या भिंतीत एक दार निघालं होतं. माजघराच्या भिंतीत दुसरं, अगदी त्याच्या समोर. आणि त्याच्या समोर खोलीचं खरं दार.

"दस्तगीरभाई," मी म्हणालो, "तीन झाली. सरळ रांगेत."

"दिसतंय मला."

"आणि बरकत?"

ते फक्की पुसत राहिले. "जाऊ द्या, मास्तर. पोरीनं हाक मारली तर मदी कायबी नगं."

आबा पाटलांच्या कानावर ही बातमी जायला अर्धा तास लागला. ते स्वतः बघायला आले, दारातून आले, तीन दारांतून आरपार बघितलं आणि दस्तगीरभाईंच्या पाठीवर हात ठेवून गेले.

चाळीस दिवस झाले, न्हाणं झालं. व्याही गाडी घेऊन आले आणि जैतून पोराला घेऊन माकणीला गेली. जाताना बापाला म्हणाली, "आता तरी गोठा सोडा, बाबा. या खोलीत निजा." ते हो म्हणाले. पण निजले नाहीत. रोज सकाळी खोली झाडायचे, शेगडी पुसून ठेवायचे, दाराला बाहेरून कडी घालायचे आणि रात्री म्हशीकडं जायचे. मी रागावलो. म्हणालो, एवढी दगडी खोली बांधली, ती काय म्हशीला दाखवायला? तर म्हणाले, "ती पोरीची हाय. पुडल्या खेपंला लागंल."

त्या आठवड्यात एकदा मदरसा सुटल्यावर मी गेलो. वहाणा काढल्या, डोकं वाकवलं. दस्तगीरभाई बैठकीत पाटावर बसले होते. हातात सुपारी होती, पण तोंड नेहमीसारखं रस्त्याकडं नव्हतं. पाठ रस्त्याला करून बसले होते. मी नेहमीसारखी त्यांच्यासमोर फतकल मारली आणि बदलीचं, पावसाचं, काय सुचेल ते बोलायला लागलो. त्यांचं लक्ष नव्हतं. माझ्या खांद्यावरून ते मागं कुठंतरी बघत होते, आणि मी मान हलवली की तेही हलवायचे.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, "जरा सरका. दारात बसलाव."

मी मागं वळून पाहिलं. दोन फक्कीची दारं, आणि त्यांच्या सरळ रांगेत, कडी घातलेलं ते खरं दार.

मी सरकलो.